निरंक कीं कोरें? अभिसरणी रोगपरीक्षेंत उष्णतामान स्थिर राखण्याचें महत्त्व

आम्हीं तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. त्या नोकरींत एक धडा पहिल्याच महिन्यांत मिळाला, तो असा कीं, ‘निरंक’ आणि ‘कोरें’ या दोन गोष्टी एक नव्हेत. गांवाच्या तक्त्यांत नुकसानीच्या रकान्यांत तलाठ्यानें ‘निरंक’ लिहिलें, तर तो शिवारांत फिरला, त्यानें पाहिलें आणि नुकसान आढळलें नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. रकाना कोरा असला, तर कोणी पाहिलेंच नाहीं एवढाच अर्थ. घाईंत कोऱ्या रकान्याला निरंक समजून कोणी बेरीज केली, तर त्या गांवाची मदत बुडते. हा धडा आज शेतीच्या एका नव्या यंत्राविषयीं लिहितांना पुन्हां उपयोगी पडत आहे.

दाणा चावून पाहावा, बैलाचे दांत मोजावे, कलमाचें मूळ उकरून पाहावें, ही आपली जुनी परीक्षा. परंतु केळीच्या रोपांतील पर्णगुच्छाचा विषाणु किंवा कोळंबीच्या बीजांतील पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणु हा बाहेरून सुदृढ दिसणाऱ्या जिवांतहि दडलेला असतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून रोपें व बीज घेण्यापूर्वीं ‘पीसीआर’ नांवाची परीक्षा करून घेण्याची चाल पडली आहे. ही परीक्षा प्रयोगशाळेंत होते. पण आतां ती बांधावर व तळ्याकांठीं आणण्याचीं लहान यंत्रेंहि निघालीं आहेत. त्यांतील एका जातीचें यंत्र फार साधें व म्हणून स्वस्त होण्याजोगें आहे. मात्र त्याला एक खोड आहे. ती खोड कोणती व तिच्यावर उपाय काय, हें शेतकरी बंधूंना समजेल अशा रीतीनें सांगण्याचा येथें यत्न केला आहे. आमचें शिक्षण मराठी सातवी इयत्तेपर्यंतचें. तेव्हां जें आम्हांस समजलें तें वाचकांस समजण्यास अडचण पडूं नये.

घडलेली एक गोष्ट

कोंकणांत खाडीकांठीं आमच्या परिचयाचे एक खातेदार आहेत. त्यांनीं खारजमिनींत कोळंबीचीं दोन तळीं केलीं. माघ महिन्यांत बीज आलें. आणणाऱ्या इसमानें ओटीवरच एक लहान यंत्र मांडून पांढऱ्या ठिपक्यांची परीक्षा करून दाखविली आणि ‘रोग नाहीं’ अशी चिठ्ठी दिली. पहांटेची वेळ होती, खाडीवरून वारा सुटला होता, आणि यंत्रांतील नळीचा वरचा भाग उघड्या हवेंत उभा होता. बीज तळ्यांत पडलें. पुढें महिना-सवा महिन्यानें कोळंबी कांठाला येऊन मरूं लागली आणि आठ दिवसांत दोन्ही तळीं रिकामीं झालीं. सुदैवानें त्यांनीं त्याच बीजांतील थोडीं पिलें मद्यार्कांत घालून ठेवलीं होतीं. तीं प्रयोगशाळेंत पाठवितां त्यांत विषाणु सांपडला. म्हणजे रोग बाहेरून आला नव्हता. तो त्या दिवशीं ओटीवरच होता. यंत्रानें तो पाहिला नाहीं. केवळ वाऱ्यामुळेंच असें झालें, असें छातीठोकपणें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वारा हें कारण पुरेसें होतें, हें पुढील विवेचनावरून दिसेल.

दुपटीचा हिशेब

प्रत्येक जिवाच्या व विषाणूच्या अंगीं वंशाची नोंद असते. जिवांत व कित्येक विषाणूंत ती डीएनए नांवाच्या दुपेडी धाग्यावर लिहिलेली असते. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणु याच जातीचा, म्हणजे दुपेडी डीएनएचा आहे. एका पिलांत ही नोंद इतकी अल्प असते कीं, ती थेट पाहणें शक्य नाहीं. म्हणून तिच्या नकला काढून ती दिसण्याजोगी करावयाची, हें पीसीआरचें मर्म. अमेरिकेंतील कॅरी मुलिस यांना ही युक्ति इ. स. १९८३ मध्यें सुचली आणि इ. स. १९९३ मध्यें त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नक्कल काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत. सुमारें ९५ अंश सेल्सिअसला धाग्याचे दोन पेड सुटे होतात. पन्नास ते पांसष्ट अंशांच्या दरम्यान, जो मजकूर शोधावयाचा त्याच्याशीं जुळणारे छोटे तुकडे त्या सुट्या पेडांना चिकटतात. यांस प्रायमर म्हणतात. मग सुमारें ७२ अंशांस पॉलिमरेज नांवाचें द्रव्य त्या तुकड्यापासून पुढें नवा पेड विणीत जातें. उकळत्या पाण्याजवळच्या उष्णतेंतहि हें द्रव्य टिकतें. कारण तें मूळचें उन्हाळ्यांत, म्हणजे उष्ण पाण्याच्या झऱ्यांत, राहणाऱ्या जंतूचें आहे. अमेरिकेंतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून ब्रॉक व फ्रीझ यांनीं तो जंतु मिळविला आणि इ. स. १९६९ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

तीन पायऱ्यांचा एक फेरा झाला कीं एकाचे दोन होतात, दुसऱ्या फेऱ्यास चार, तिसऱ्यास आठ. सावकारी व्याजाचा अनुभव असलेल्या वाचकांस हा हिशेब नवा नाहीं. तीस फेऱ्यांत एकाचे १,०७,३७,४१,८२४ होतात. आतां दर फेऱ्यास शंभरांतील दहा धाग्यांची नक्कल राहून गेली, म्हणजे दुपटीऐवजीं १.९ पट झाली, असें समजा. तीस फेऱ्यांनंतर सुमारें २३ कोटी हातीं येतात. म्हणजे अपेक्षेच्या चौथाईहूनहि कमी. आणि निम्म्या धाग्यांची नक्कल राहून गेली, म्हणजे दुपटीची दिढी झाली, तर? दाणे दिढीनें देणाऱ्याला व घेणाऱ्याला दिढी थोडी वाटत नाहीं. पण येथें तीस फेऱ्यांनंतर एकाचे केवळ १,९१,७५१ होतात. एकशें सात कोटींच्या जागीं एक लक्ष ब्याण्णव हजार! साडेपांच हजार पटींहून अधिक तूट. रोग होता, यंत्र चाललें, तास भरला; आणि तरीहि दिसण्याइतकें कांहीं जमलें नाहीं. फेऱ्यामागची चूक लहान असली तरी चक्रवाढीनें ती सर्वस्व बुडविते. उष्णतामानाच्या स्थिरतेवर आमचा एवढा भर कां, याचें कारण हेंच.

पाणी आपणच फिरतें

प्रयोगशाळेंतील नेहमींच्या यंत्रांत नळ्या धातूच्या ठोकळ्यांत बसवितात आणि तो ठोकळाच तापवितात व निववितात. दर फेऱ्यास तापविणें-निवविणें यांत वेळ जातो, वीज खर्च होते, आणि यंत्राची किंमत वाढते. यावर एक सोपा विचार पुढें आला. ठोकळा तापवून निवविण्यापेक्षां पाणीच उष्ण जागेकडून थंड जागेकडे फिरत ठेवलें तर?

पातेल्यांत डाळ शिजतांना दाणे एका बाजूनें वर येतात व दुसऱ्या बाजूनें खालीं जातात, हें घरोघर दिसतें. तळाचें पाणी तापून हलकें होतें व चढतें. वरचें निवून जड होतें व उतरतें. यास अभिसरण म्हणतात. फ्रान्समधील बेनार यांनीं इ. स. १९०० मध्यें पातळ थरांतील या हालचालीचे प्रयोग केले, आणि इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांनीं इ. स. १९१६ मध्यें तिचें गणित मांडलें. वर चढविणारा जोर द्रवाच्या चिकटपणावर व उष्णतेच्या पसरण्यावर मात करील इतका झाला, म्हणजेच अभिसरण सुरू होतें. तळ व माथा यांच्या उष्णतामानांतील अंतर, नळीची उंची व नळीची रुंदी, यांवर तो जोर अवलंबून असतो.

इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंत माधवी कृष्णन, व्हिक्टर उगाझ व मार्क बर्न्स यांनीं अशा अभिसरणाच्या कुपींत पीसीआर करून दाखविली. तळ उष्ण व माथा त्याहून कमी ठेवला कीं मिश्रण आपणच वर-खालीं फिरतें. तळाशीं पेड सुटतात, वर प्रायमर चिकटतात, आणि मधल्या वाटेंत नवा पेड विणला जातो. रहाटाच्या लोट्यांप्रमाणें प्रत्येक थेंब आपला फेरा आपण करतो. बैल तेवढा उष्णतेचा. पुढें नळी बारीक करून केवळ तळाशीं एकच तापक ठेवण्याची रीत निघाली. माथ्यास निराळा थंडावा देणें नको, कारण नळीच्या अंगानें उष्णता आपणच हवेंत जाते. यंत्र इतकें साधें झालें कीं, तें हातांत घेऊन शेतावर जातां यावें.

वारा लागला म्हणजे

परंतु येथेंच ती खोड शिरते. माथा थंड ठेवण्याचें काम बाहेरच्या हवेवर सोंपविलें, म्हणजे हवा ही यंत्राचाच एक भाग झाली. आणि हवा कोणाच्या हुकमांत नसते.

समजा, नळीच्या वरच्या भागाचें उष्णतामान ६० अंश असावें अशी रचना आहे. वैशाखांतल्या दुपारीं हवा ४० अंशांवर असेल, तर अंतर वीस अंशांचें. पौषांतल्या पहांटे हवा १५ अंशांवर असेल, तर अंतर पंचेचाळीस अंशांचें. निवण्याचा वेग बहुधा या अंतराच्या प्रमाणांत असतो. म्हणजे पहांटे नळी दुपारच्या दुपटीहून अधिक वेगानें उष्णता गमावते. त्यांत वारा सुटला तर नळीला बिलगून राहिलेला उबदार हवेचा पापुद्रा उडून जातो व निवणें आणखी वाढतें. गरम दुधावर फुंकर मारण्याचें तत्त्व तेंच.

परिणाम दुहेरी होतो. माथा फार निवला तर प्रायमर भलत्या ठिकाणीं चिकटूं लागतात. शिवाय तळ व माथा यांतील अंतर वाढल्यानें मिश्रण अधिक वेगानें फिरूं लागतें व नवा पेड विणण्यास अवकाश पुरत नाहीं. उलट, बाहेर फार उकाडा असून माथा पुरेसा निवलाच नाहीं, तर प्रायमर चिकटतच नाहींत आणि अभिसरणहि मंदावतें. दोन्ही वेळां दुपटीची दिढी होते, आणि दिढीचा हिशेब वर दिलाच आहे.

नळी जितकी बारीक तितकी ही खोड अधिक. नळीची रुंदी निम्मी केली तर तिच्या अंगाचें क्षेत्र निम्में होतें, पण आंतील द्रव चौथाई होतो. म्हणजे प्रत्येक थेंबाच्या वाट्यास दुप्पट भिंत येते व तो दुपटीनें बाहेरच्या हवेच्या अधीन होतो. मोठ्या हंड्यांतलें पाणी तासभर ऊन राहतें आणि वाटींतलें घटकेंत निवतें, तसेंच हें. नमुना थोडा लागावा व उत्तर लौकर मिळावें म्हणून नळी बारीक करावी, तर ती वाऱ्याला भिते. अशी ही अडचण आहे.

आडोसा, पण घोंगडी नव्हे

यावर कोणी म्हणेल, नळी घोंगडींत गुंडाळावी, म्हणजे वारा लागणार नाहीं. येथें सावध राहिलें पाहिजे. नळी पुरती गुंडाळली तर उष्णता बाहेर जाणारच नाहीं; हळूहळू सगळी नळी तळासारखीच तापेल, वर व खालीं यांतील अंतर नाहींसें होईल, आणि पाणी फिरावयाचें थांबेल. उष्णता जाऊं द्यावयाचीच आहे. फक्त ती रोज, प्रत्येक ऋतूंत व प्रत्येक ओटीवर सारख्याच मापानें गेली पाहिजे. बांधास सांडवा ठेवतात, तें पाणी वाया जावें म्हणून नव्हे. तें ठरल्या जागेनें व ठरल्या मापानें जावें म्हणून. या यंत्रासहि असाच सांडवा हवा.

तैवानमधील संशोधकांनीं इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेली रचना या तत्त्वावर उभी आहे. त्यांनीं नळीच्या भोंवतीं उष्णतेचे आडोसे बसविले. तळाशीं तापक, आणि वरच्या भागाभोंवतीं आडोशानें कोंडलेली स्थिर हवा. स्थिर हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. म्हणून तिच्यांतून उष्णता थोडी थोडी व सारखी जाते. नळीला आतां बाहेरची पौषांतली पहांट दिसत नाहीं. तिला दिसते ती आपल्या खोलींतील हवा. ही खोली तापकाच्या उबेनें जवळजवळ एकाच उष्णतामानाला राहते. त्या संशोधकांनीं वाऱ्याच्या बोगद्यांत सेकंदास एक मीटर वेगाचा वारा सोडून यंत्राची परीक्षा केली, आणि बाहेरील फेरफारांचा परिणाम पुष्कळच कमी झाल्याचें त्यांस आढळलें. याच पद्धतीनें कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांची परीक्षा एका तासाच्या आंत करतां येते, हेंहि दाखविलें गेलें आहे. हा रोग आपल्या देशांत इ. स. १९९४ च्या सुमारास आला व त्यानें किनाऱ्यावरील पुष्कळ तळीं बसविलीं. तेव्हां या सुधारणेचें मोल आपणांस निराळें सांगावयास नको.

दुसरा मार्ग असा कीं, माथ्यासहि एक तापक व उष्णतामापक बसवून तें ठरल्या अंशावर धरून ठेवावें. तोहि चांगला, परंतु त्यानें भाग वाढतात, वीज वाढते, आणि बिघडण्याच्या जागा वाढतात. आडोशास वीज लागत नाहीं व तो बिघडत नाहीं.

घरीं करून पाहावयाचा प्रयोग

हें वाचून विश्वास ठेवण्यापेक्षां करून पाहावें. सारख्या मापाचे दोन पेले घेऊन दोहोंत सारखेंच कढत पाणी भरावें. एक पेला ओटीवर वाऱ्यांत ठेवावा. दुसरा एका मोठ्या पातेल्यांत लांकडी ठोकळ्यावर ठेवावा व पातेल्यावर झांकण घालावें; पेल्याच्या चोहोंकडे दोन-तीन बोटें मोकळी हवा राहूं द्यावी. उष्णतामापक घालून दर पांच मिनिटांनीं दोन्ही पेल्यांचे आंकडे वहींत लिहावे. हाच प्रयोग एकदां पहांटे, एकदां दुपारीं आणि एकदां वारा असतांना करावा. आडोशांतील पेलाहि निवतो. पण त्याचे तीन वेळांचे आंकडे एकमेकांच्या जवळ राहतात, आणि उघड्या पेल्याचे दूर दूर जातात. येथें महत्त्व आहे तें ऊन राहण्याला नव्हे, सारखें राहण्याला. शाळेंत जाणाऱ्या मुलांकडून हा प्रयोग करवावा. त्यांनाहि गोडी लागेल.

परीक्षा करवितांना काय पाहावें

यंत्र घेणें वा परीक्षा करविणें ज्यांस प्राप्त आहे, त्यांनीं पुढील गोष्टी विचाराव्या. विचारण्यांत संकोच मानूं नये. पैसा आपला आहे.

१. नळीच्या वरच्या भागास आडोसा आहे कीं ती उघडी आहे? आडोसा असला तरी यंत्र वाऱ्यांत, उन्हांत किंवा पंख्याखालीं मांडूं नये. बंद खोली सर्वांत बरी.

२. यंत्र सपाट जागीं व नळी उभी आहे काय? अभिसरण हें वर-खालीं चालतें. नळी कलली तर प्रवाहाची वाट बदलते. द्रवहि मापानेंच भरलेला असावा.

३. आपल्या नमुन्याबरोबर, ज्यांत रोग आहे हें ठाऊक आहे अशी एक नळी, व ज्यांत तो नाहीं हें ठाऊक आहे अशी दुसरी नळी लावली काय? ही अट सर्वांत महत्त्वाची. आणि ती रोगाची नळी फार जोरकस नसावी. विषाणु भरपूर असला तर लंगडें यंत्रहि त्यास पकडतें. ज्यांत विषाणु अगदीं थोडा आहे असा नमुना त्या दिवशीं, त्या जागीं, त्या हवेंत पकडला गेला, तरच यंत्र धड चाललें असें समजावें. तो पकडला गेला नाहीं, तर आपल्या नमुन्याचें ‘नाहीं’ हें उत्तर निरंक नव्हे. तो कोरा रकाना आहे.

४. नमुना किती पिलांचा होता? शंभरांत दोन पिलें रोगी असतील, तर त्यांतील निदान एक तरी नमुन्यांत यावें अशी शंभरांत पंचाण्णव वेळां खात्री हवी असल्यास, सुमारें दीडशें पिलें घ्यावीं लागतात. पीक कापणीच्या प्रयोगांत एकाच कोपऱ्यांतला वाफा कापून गांवाचा उतारा ठरवीत नाहींत, तसेंच हें.

५. थोडा नमुना मद्यार्कांत घालून, तारीख लिहून, आपल्याजवळ ठेवावा. वाद पडल्यास तोच साक्षीदार.

६. मोठी रक्कम गुंतवावयाची असेल तेथें तळ्याकांठची परीक्षा ही पहिली चाळणी समजावी, आणि प्रयोगशाळेची दुसरी परीक्षा करून घ्यावी. ऊतिसंवर्धनाच्या केळीरोपांसाठीं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें इ. स. २००६ पासून प्रमाणपत्राची योजना केलेली आहे व तींत विषाणूंची परीक्षाहि येते. रोपें घेतांना तें प्रमाणपत्र मागावें.

तात्पर्य

अभिसरणाच्या नळीचें यंत्र शेतकऱ्याच्या हातीं येण्यास योग्य आहे, असें आमचें मत आहे. तें थोड्या विजेवर चालतें, उत्तर लौकर देतें, आणि त्यांतील तत्त्व आपल्या चुलीवरच्या पातेल्यांत रोज दिसतें. परंतु तें उष्णतेच्या तोलावर उभें आहे, आणि हा तोल वाऱ्याच्या एका झुळुकेनें ढळतो. त्यावरचा इलाज अधिक विस्तव हा नव्हे, तर योग्य आडोसा. आणि आडोशावरहि आंधळा विश्वास न ठेवतां, दर वेळीं ठाऊक असलेल्या थोड्या रोगाच्या नळीनें त्याची परीक्षा घेणें.

आमच्या परिचयाच्या त्या खातेदारांनीं यंदा पुन्हां बीज सोडलें. या खेपेस परीक्षा मधल्या घरांत, दारें-खिडक्या लावून, आडोशाच्या यंत्रावर झाली, आणि शेजारीं त्यांनीं स्वतः मागून घेतलेली थोड्या रोगाची नळी होती. ती नळी उजळली, बीजाची उजळली नाहीं. मग त्यांनीं आपल्या वहींत स्वतःच्या हातानें ‘निरंक’ असा शब्द लिहिला. आम्ही शेजारीं बसलों होतों. तीस वर्षांत तो शब्द आम्हीं हजारों वेळां लिहिला असेल; पण तो इतक्या खात्रीनें लिहिलेला क्वचितच पाहिला.